यादीबाहेरचे मूल

दसऱ्याचे सोने वाटून झाले की खान्देशातल्या रस्त्यांवर माणसांनी भरलेल्या मालमोटारी दिसू लागतात. साक्री, शिरपूर, चाळीसगाव, पारोळा या तालुक्यांतल्या पाड्यांवरून आणि तांड्यांवरून त्या निघतात. काही दक्षिणेकडे, पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना. काही पश्चिमेकडे, गुजरातेत बारडोली-सुरतेच्या अंगाला. वर पत्र्याच्या पेट्या, बाजरीच्या गोण्या, भांडीकुंडी, दोन-चार कोंबड्या आणि बायांच्या मांडीवर तान्ही मुले. प्रत्येक टोळीला एक मुकादम असतो आणि मुकादमाच्या खिशात एक वही असते. त्या वहीत प्रत्येक कोयत्याचे नाव असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोणी किती उचल घेतली, गेल्या हंगामाची किती बाकी राहिली, हे त्यात पैशापैशाने लिहिलेले असते. नोकरीत असताना मी अनेक तऱ्हेच्या खातेवह्या तपासल्या. पण मुकादमाच्या वहीइतकी चोख वही क्वचित पाहिली. उचल घेतलेला माणूस महाराष्ट्राच्या कुठल्याही कोपऱ्यात असो, तो या वहीतून निसटत नाही.

मांडीवरचे मूल मात्र त्या वहीत नसते. त्याच्या नावावर उचल नाही, म्हणून त्याची नोंद नाही. ज्या गावातून ते निघाले तिथल्या आशाताईच्या रजिस्टरात कदाचित त्याचे नाव असेल, पण समोर 'स्थलांतरित' असा शेरा असेल. ज्या कारखान्याच्या हद्दीत ते पुढचे सहा महिने कोपीत राहणार, तिथल्या उपकेंद्राला ते जन्मल्याचेच ठाऊक नसते. हे सारे आज लिहायचे कारण गोवर.

गोवराचे नाव काढले की आपल्याकडे अजूनही माणसे हसण्यावारी नेतात. 'लहानपणी सगळ्यांनाच येतो.' खरे आहे, सगळ्यांनाच यायचा. माणसाला होणाऱ्या रोगांत याच्याइतका सांसर्गिक रोग क्वचितच. ज्यांना पूर्वी गोवर झाला नाही किंवा लस मिळाली नाही अशांच्या घोळक्यात एक रोगी सोडला तर तो बारा ते अठरा जणांना रोग देतो. रोगी खोलीतून निघून गेला तरी त्याच्या खोकल्यातला विषाणू दोन तास तिथल्या हवेत जिवंत राहतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल रोग वाटत असते. म्हणजे आईला कळायच्या आत शेजारच्या पाच घरांत तो पोचलेला असतो. म्हणून गोवराची साथ अडवायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. ऐंशी-पंचाऐंशीवर हा रोग थांबत नाही.

डॅनिश डॉक्टर पानुम १८४६ साली फेरो बेटांवर गेला तेव्हा त्या बेटांच्या सुमारे ७८०० वस्तीपैकी ६००० माणसे गोवराने आजारी पडली होती. आजारी न पडलेल्यांत म्हातारी माणसे होती. १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी, बेटावर गोवराची साथ येऊन गेली होती आणि तेव्हा ज्यांना तो झाला ते वाचले होते. एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही, हे पानुमने असे नावानिशी माणसे मोजून दाखवले. पंचवीस वर्षांचा तो तरुण गावोगाव फिरला, घराघरांत बसला, कोण केव्हा आजारी पडले ते लिहून घेतले. गोवरावरची पुढची सगळी विद्या त्या टिपणांवर उभी आहे.

आपल्याकडे हा रोग रोग नव्हता, देवी होती. मूल तापले, डोळे लाल झाले, पुरळ उठले की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, खोलीत अंधार करायचा, परक्याला आत घ्यायचे नाही, घरात फोडणी द्यायची नाही. मी याला नुसती अंधश्रद्धा म्हणणार नाही. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून अंधार. दारावरचा डहाळा म्हणजे 'आत येऊ नका' अशी पाटीच. ज्या समाजाजवळ औषध नव्हते त्याने रोग पसरू नये म्हणून केलेली ही व्यवस्था होती. तिच्यात एकच गोष्ट घातक होती. गोवर 'पुरता बाहेर पडला' पाहिजे, त्यात औषध द्यायचे नाही, असा दंडक होता. आणि पुरळ मावळले, मुलाला न्हाऊ घातले की देवी गेली, काम संपले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाखेत होतो. शाखेजवळच्या वस्तीत एका घरी दीड वर्षाच्या मुलीला गोवर निघाला. आठवड्याने तो मावळला. घरात गोडधोड झाले. मग मुलगी खोकू लागली, तिला धाप लागली. तिच्या आजीला मी म्हटले, तालुक्याला दवाखान्यात न्या, गाडीची सोय करतो. आजी म्हणाली, "गोवर ते निंघी गया साहेब, आते कसाना भ्याव?" मुलगी चौथ्या दिवशी गेली. सगळे म्हणाले, नजर लागली. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदीत काय लिहिले गेले मला माहीत नाही, पण गोवर लिहिले गेले नसणार हे नक्की. गोवर बहुधा असाच मारतो. तो स्वतः निघून जातो आणि मागे न्यूमोनिया, जुलाब, मेंदूची सूज यांना ठेवून जातो. शिवाय शरीराने आधीच्या रोगांशी झगडून कमावलेली प्रतिकाराची आठवणही तो पुसून टाकतो, हे शास्त्रज्ञांना गेल्या काही वर्षांत नीट कळले आहे. कुपोषित मुलात जीवनसत्त्व 'अ'ची आधीच टंचाई असते. गोवर तीही उरली-सुरली संपवतो, मुले आंधळी होतात. अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड सॉमर यांनी ऐंशीच्या दशकात इंडोनेशियातल्या खेड्यांत काम करून दाखवले की, जीवनसत्त्व 'अ'च्या नुसत्या डोसांनीही बालमृत्यू घटतात. आपल्याकडे गोवराच्या पहिल्या लशीबरोबर ते चमचाभर औषध पाजतात ते यासाठी.

लस निघाली १९६३ साली, अमेरिकेत. भारतात ती सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून आली. नवव्या महिन्यात एक डोस, एवढेच. नवव्या महिन्यातच का? आईकडून बाळाला मिळालेली संरक्षक द्रव्ये पहिले काही महिने त्याच्या रक्तात असतात; ती असताना लस दिली तर लस वाया जाते. ती ओसरल्यावर द्यायला उशीर केला तर रोग आधी पोचतो. श्रीमंत देशांना बारा-पंधरा महिने थांबणे परवडते, कारण तिथे रोग दाराशी उभा नसतो. आपण नऊ महिन्यांवर तडजोड केली. या तडजोडीत शंभरातली सुमारे पंधरा मुले लस घेऊनही कोरी राहतात, म्हणून दुसरा डोस हवा. तो आपल्याकडे २०१० पासून, सोळा ते चोवीस महिन्यांच्या मुलांना, हळूहळू सुरू झाला. पाव शतक आपण एका डोसावर काढले. २०१७ पासून गोवर-रुबेलाची जोडलस आली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी शाळाशाळांतून मोठी मोहीम झाली. गोवर हटवण्याची मुदत भारताने आधी २०२० घातली, मग २०२३ केली, मग २०२६. बँकेत आम्ही याला मुदतवाढ म्हणत असू, आणि तिसऱ्या मुदतवाढीचा अर्ज आला की शाखाधिकारी चष्मा पुसून घेत असे.

दुसरी मुदत उंबरठ्यावर असताना, २०२२ च्या पावसाळ्यानंतर, मुंबईत गोवंडीला साथ उठली. ऑक्टोबरअखेर तिथल्या रफीक नगरात एकाच कुटुंबातली तीन मुले दोन दिवसांत गेली. मग सरकारी यंत्रणा जागी झाली, केंद्राचे पथक आले. साथ मुंबईपुरती राहिली नाही. भिवंडीत गेली, मालेगावात गेली. मालेगाव धुळ्याहून आग्रा रोडने जेमतेम पन्नास किलोमीटर. तिथल्या यंत्रमागावर धुळ्याची माणसे आहेत, धुळ्याच्या मागावर मालेगावची. सोयरीक तर घराघरांत. नाशिक जिल्ह्याची हद्द आरोग्य खात्याच्या नकाशात असते, गोवराच्या नाही. डिसेंबर २०२२ पासून राज्याने जादा डोसाची मोहीम घेतली. साथीच्या वस्त्यांत सहा महिन्यांच्या बाळांनाही आगाऊ लस द्यावी लागली. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस हे त्या साथीचे एक कारण होतेच. पण एकट्या कोविडवर बिल फाडणे सोपे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात बारा ते तेवीस महिन्यांची, मूलभूत लसी पूर्ण झालेली मुले चारात तीनही भरत नव्हती.

त्या वेळी एक सूर फार ऐकू आला. 'त्या' वस्तीतले लोक लसच घेत नाहीत, त्याला कोण काय करणार? हा सूर मला मान्य नाही, आणि तो केवळ सौजन्याने मान्य नाही असे नाही; तो हिशेबाने चूक आहे. जगात पाहा. २०१३ साली नेदरलँड्समध्ये साथ आली ती तिथल्या कर्मठ प्रोटेस्टंट गावांच्या पट्ट्यात, २६०० च्या वर रोगी निघाले. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये आली ती ब्रुकलिनच्या सनातनी ज्यू मोहल्ल्यात. महापालिकेला लस न घेणाऱ्यांना दंड लावावा लागला. २०२५ साली टेक्ससमध्ये आली ती गेन्स तालुक्यातल्या मेनोनाइट ख्रिस्ती वस्तीत. प्रत्येक देशात एक बंद दाराची वस्ती असते, तिचा धर्म दर देशात निराळा असतो. सारखे असते ते एवढेच, की त्या वस्तीचा आणि सरकारचा संबंध तुटलेला असतो. ज्या गल्लीत गटार उपसायला वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही, तिथे एक दिवस सरकारी माणूस दारावर येऊन म्हणतो, तुमच्या मुलाला फुकट सुई देतो. आई विचारात पडते यात नवल काय? आपण असतो तर पडलो नसतो?

टेक्ससचे आकडे बँकवाल्याने लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. संपूर्ण राज्यात बालवाडीत प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकी ९४ टक्क्यांवर मुलांना लस मिळालेली होती. गेन्स तालुक्यात ८२ टक्के. एका छोट्या शाळा-विभागात निम्म्याहून कमी. राज्याचा ताळेबंद पाहिला तर सारे आलबेल. रोग मात्र ताळेबंद वाचून येत नाही. साडेसातशेवर रोगी निघाले आणि दोन शाळकरी मुले मेली. ज्या देशाने २००० साली गोवर हद्दपार झाल्याचे जाहीर केले होते त्या देशात. शेजारच्या कॅनडाने तर हद्दपारीचा तो दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला.

ग्रामीण शाखेत वसुलीचे प्रमाण नव्वद टक्के आले की वरिष्ठ कार्यालय खूश होई. पण उरलेले दहा टक्के कुठे आहेत, हे विचारणारा तपासनीस एखादाच. तो विचारी तेव्हा कळे, की ती थकबाकी साऱ्या पंचवीस गावांत विखुरलेली नाही. ती दोन गावांत आहे. तिथे विहिरी आटल्या आहेत किंवा सोसायटीच्या भांडणात अर्ध्यांनी हप्ते थांबवले आहेत. विखुरलेली थकबाकी शाखेला बुडवत नाही. एका जागी साचलेली बुडवते. गोवराचेही तसेच आहे. जिल्ह्यातली पाच टक्के मुले लशीवाचून राहिली आणि ती हजार गावांत एकेक-दोनदोन अशी असली, तर त्यांच्याभोवतीची लस घेतलेली मुले त्यांना झाकतात. तीच पाच टक्के मुले एका मोहल्ल्यात, एका पाड्यावर किंवा कारखान्याच्या अड्ड्यावरच्या कोप्यांत एकत्र असली तर त्यांना झाकायला कोणी नाही.

मग सक्ती करावी का? हा प्रश्न आज जगभर पेटला आहे. इटलीने २०१७ साली दहा लशी सक्तीच्या केल्या, फ्रान्सने २०१८ पासून अकरा. जर्मनीत मार्च २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा दाखला नसेल तर पाळणाघरात मुलाला घेत नाहीत, शाळकरी मुलाच्या पालकांना अडीच हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून लस न देणाऱ्या पालकांचे सरकारी भत्तेच बंद केले. आपल्याला सक्ती नवी नाही. मुंबईत देवीच्या लशीची सक्ती इंग्रजांनी १८७७ मध्येच केली होती. अलीकडे, २०१९ च्या जानेवारीत, दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र शाळेत गोवर-रुबेलाची लस द्यायला पालकांची स्पष्ट संमती हवी असे सांगितले.

मला सक्तीचे वावडे नाही. शेतसारा सक्तीचाच असतो. पण सक्ती कुठे पोचते ते पाहिले पाहिजे. अमेरिकेत १९८० च्या सुमारास साऱ्या राज्यांनी कायदा केला होता: लस नाही तर शाळा नाही. कायदा कडक होता, पाळलाही जाई. तरी १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत तिथे गोवराचे पंचावन्न हजार रोगी निघाले, एकशेवीसच्या वर माणसे मेली. मेली त्यांत बरीचशी मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतली, शाळेच्या वयाला न पोचलेली मुले. कायदा शाळेच्या फाटकावर पाचव्या वर्षी मुलाची वाट पाहत उभा होता; गोवर पाळण्यापाशी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच गेला. मग अमेरिकेने १९९४ पासून गरिबांच्या मुलांना फुकट लस द्यायची योजना काढली. आपल्या साखर पट्ट्यातल्या मुलाला तर शाळेचे फाटक पुष्कळदा दिसतच नाही. त्याला कायद्याचा काय उपयोग?

जपानची गोष्ट आणखी बोलकी. इतका शिस्तीचा देश, पण तिथे १९९३ साली गालगुंडाच्या लशीच्या घटकाने काही मुलांना मेंदूच्या आवरणाची सूज आल्यावर एकत्रित लस मागे घेतली गेली, पुढच्या वर्षी लसीकरण ऐच्छिक झाले, आणि लोकांचा धीर सुटला. त्याचे फळ २००७ मध्ये दिसले. महाविद्यालयीन तरुण गोवराने आजारी पडू लागले, टोकियोची नामांकित विद्यापीठे बंद ठेवावी लागली. जपान मोटारींबरोबर गोवरही निर्यात करतो, अशी टीका झाली. सरकारने केले काय? दंड लावला नाही. २००८ पासून पाच वर्षे, दर वर्षी तेराव्या आणि अठराव्या वर्षात आलेल्या मुलांना गाठून राहिलेला डोस दिला. पाच वर्षांत ज्या-ज्या पिढीची बाकी होती ती सगळी फेडून झाली. मार्च २०१५ मध्ये जपान गोवरमुक्त ठरला. थकबाकीची यादी केली आणि खाती एकेक करून बंद केली. मला हे फार आवडले, हे सांगायला हरकत नाही.

इंग्लंडने उलट केले. १९९८ साली अँड्रयू वेकफील्ड नावाच्या डॉक्टराने बारा मुलांवरून एक लेख लिहून या लशीचा आत्ममग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी संबंध सुचवला. २०१० मध्ये तो लेख नियतकालिकाने मागे घेतला, डॉक्टराची सनद गेली. पण मधल्या काळात लस न मिळालेली मुले मोठी होत होती, आणि २०१२-१३ मध्ये वेल्समध्ये स्वान्सीच्या साथीत तीच आजारी पडली, दहा ते अठरा वयाची. बाराशेवर रोगी. अफवा खोटी ठरली म्हणून तिचे व्याज माफ होत नाही.

आणि सामोआ. पॅसिफिकमधली ही बेटे, वस्ती दोन लाख. आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. जुलै २०१८ मध्ये तिथे दोन तान्ही मुले लस दिल्यावर काही मिनिटांत मेली. लस निर्दोष होती. तिची भुकटी पाण्यात कालवायची असते. परिचारिकांनी पाण्याऐवजी भुलीच्या वेळी वापरायचे स्नायू सैल करणारे औषध घातले होते. पण लसीकरण कित्येक महिने बंद राहिले, लस घेतलेल्या मुलांचे प्रमाण शंभरात एकतीसवर आले. २०१९ च्या शेवटी साथ आली. ५७०० रोगी, ८३ मृत्यू, बहुतेक पाच वर्षांखालची मुले. ५ आणि ६ डिसेंबरला सरकारने सारा देश बंद ठेवला आणि लोकांना सांगितले, ज्या घरात लस न घेतलेले माणूस आहे त्यांनी दारात तांबडे फडके लावा. पथके रस्त्यारस्त्याने फडकी शोधत फिरली. आपल्या कडुनिंबाच्या डहाळ्याचीच ही गोष्ट, फक्त उलटी. डहाळा सांगे, आत रोग आहे, दूर राहा. फडके सांगत होते, आत लस राहिली आहे, या. ज्या सरकारला आधी कोणत्या घरात कोणते मूल कोरे आहे हे माहीत नव्हते, त्याला ते ८३ चितांनंतर, खरे तर थडग्यांनंतर, फडक्यांवरून मोजावे लागले.

आपल्याला सर्वांत जवळची श्रीलंका. तो काही श्रीमंत देश नाही. तिथे २०१९ साली गोवर हद्दपार झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. त्यांची मदार सुईणींवर. सरकारी आरोग्य-सुईण, दोन-चार हजार वस्तीला एक. गरोदरपणापासून ती त्या घरी जाते, मूल जन्मले की तिच्या वहीत चढते, आणि मूल लशीला आले नाही तर ती दारात जाऊन उभी राहते. २०२३ मध्ये तिथेही पुन्हा रोगी सापडले; रोग बाहेरून येतच राहतो. तेव्हा वयोगट पाहून कोणाकोणाचे संरक्षण उणे आहे ते काढले आणि सहा महिन्यांवरच्या बाळांना जादा डोस दिला. तिथेही आधी वहीच उघडली.

आपल्याकडे माणसे नाहीत असे नाही. आशा आहे, अंगणवाडीताई आहे, नर्सबाई आहे; उन्हातान्हात शीतपेटी घेऊन पाड्यावर चढणाऱ्या बाया मी यावल-रावेरच्या भागात पाहिल्या आहेत. कुपी फोडली की चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणून पाच मुले जमेपर्यंत कुपी फोडायला काही ठिकाणी हात कचरतो, आणि दोनच मुले आली तर 'पुढच्या बुधवारी या' असे सांगितले जाते. नियम तसे सांगत नाही. एका मुलासाठीही कुपी फोडावी असेच सांगतो. पुढच्या बुधवारी ते मूल ट्रकात असते. एका कुपीचा खर्च मुलाच्या मानाने काय आहे? लसही परदेशातून यायची नाही. जगातल्या गरीब देशांना जाणारी गोवराची लस मोठ्या प्रमाणावर पुण्याला हडपसरमध्ये तयार होते. आणि चाळीसगावच्या तांड्यावरचे लशीवाचून राहिलेले मूल त्याच पुणे जिल्ह्यात उसाच्या फडाच्या कडेला झोळीत झोपलेले असते.

या मुलांचा एक साधा हिशेब मांडता येतो. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल धरू. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. म्हणजे फेब्रुवारी ते जुलै या काळात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचा नववा महिना नेमका हंगामात भरतो. वर्षातल्या निम्म्या मुलांच्या लशीची तारीख फडावर येते. ती परत येतात तेव्हा दहा ते पंधरा महिन्यांची झालेली असतात. त्यांचा सगळ्यांत धोक्याचा काळ कोप्यांच्या दाटीत गेलेला असतो. त्यांतही फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मलेली मुले अनेकदा फडावरच जन्मतात. त्यांचे नाव ना गावच्या रजिस्टरात, ना कारखान्याच्या गावच्या. दुसऱ्या डोसाचा काळ मात्र सोळा ते चोवीस महिने असा लांब आहे. त्यातले दोन-तीन महिने तरी प्रत्येक मुलाचे गावात जातातच. तेव्हा दुसरा डोस गावच्या ताईकडे, पावसाळ्यात. पहिल्याची जबाबदारी कारखान्याच्या हद्दीतल्या आरोग्य केंद्राकडे, हंगामात. आता केंद्र सरकारच्या 'यू-विन' नोंदणीत मुलाचे नाव चढले की देशात कुठेही डोस घेतला तरी तो त्याच नावावर जमा होतो; आईने कार्ड पेटीत गावाकडे ठेवले असले तरी अडत नाही. सोय झाली आहे. पण नाव चढायला हवे, आणि ते मालमोटार सुटायच्या आधी चढायला हवे.

धुळे आणि जळगाव जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी भाद्रपदातच मुकादमांना बोलवावे. त्यांना भाषण देऊ नये, वही घेऊन बसवावे. कुठल्या कारखान्याला जाणार, किती कोयते, कोणत्या जोडीबरोबर दोन वर्षांखालचे मूल आहे, कोणाच्या पोटात आहे. मुकादमाला हे सगळे तोंडपाठ असते. तान्हे मूल असलेल्या कोयत्याकडून ऊस कमी निघतो, हे तो उचल देतानाच पाहतो. ती यादी त्या-त्या कारखान्याच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे गाळप सुरू व्हायच्या आत गेली पाहिजे. बारडोलीला जाणाऱ्यांची गुजरातेत. मालेगाव-धुळ्याच्या यंत्रमागाच्या गल्ल्यांत हेच काम मुकादमाऐवजी मोहल्ल्यातली दाई, मशिदीतले मौलाना आणि मागाचा मालक करू शकतील, त्यांना आधी दोन वेळा चहाला बोलावले असेल तर. साथ आल्यावर पोलीस घेऊन नव्हे. महिन्याकाठी कारखान्यावरून यादी परत यावी: कोणाला दिली, कोणाला राहिली, का राहिली. शेवटच्या रकान्यात 'स्थलांतरित' हा शब्द चालणार नाही असे आधीच सांगून ठेवावे. कोपी कुठल्या गटात आहे आणि तिथे नर्सबाईची गाडी कुठल्या वारी जाईल, एवढे त्या रकान्यात लिहावे.